गच्चीवरच्या दोन टाक्यांची व्यवस्था

मी, पद्मजा भालचंद्र टिपणीस, वय वर्षं शहात्तर, निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), राहणार फ्लॅट क्रमांक ४०३, मयूर विहार फेज एक, दिल्ली, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं आणि माणसांचं काय व्हावं हे पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने लिहवून ठेवते आहे. कोणी माझा हात धरलेला नाही. माझ्या वकील पूर्वी चिटणीस यांनी शुद्ध कायदेशीर भाषेत मसुदा करून आणला होता. तो वाचून मला मी आधीच गेल्यासारखं वाटलं, म्हणून तो बाजूला ठेवला. मी माझ्या बोलीत सांगते आहे आणि पूर्वी टाइप करते आहे.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. मानस रेगे यांचा दाखला सोबत आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी केले. मग मी त्यांना विचारलं, माणसाला अक्कलदाढ अजून का येते? त्यांना धड सांगता आलं नाही, पण परीक्षा माझी होती, त्यांची नव्हती.

१. आधीचं मृत्युपत्र. १९ जानेवारी २०२४ रोजी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते मी संपूर्ण रद्द करते. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा जिवंत ठेवू नये. ते मी रागात केलं होतं, आणि राग डॉक्टरांच्या दाखल्यात दिसत नाही. हा फ्लॅट विकून पैसे माझ्या कॉलेजला द्यावेत, गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, आणि ‘श्रीमती रसिका सबनीस यांचा माझ्या कुटुंबाशी व मिळकतीशी कोणताही संबंध उरलेला नाही’ असं त्यात लिहिलं होतं. कायद्याने ते वाक्य बरोबर होतं. रसिका ही माझा मुलगा यशोधन याची आधीची बायको. दोघांचा घटस्फोट २०२२ मध्ये झाला. दोष कोणाचा हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मी त्यातल्या एकाची आई आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

२. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम पूर्वी चिटणीस यांनी करावं. ही माझी विद्यार्थिनी. प्राणिशास्त्र सोडून वकिलीला गेली, मुनिरकाच्या एका खोलीत राहून परीक्षा दिल्या आणि पास झाली. प्राणिशास्त्र सोडल्याबद्दल मी तिला माफ केलं आहे, हे ती आत्ता स्वतःच टाइप करते आहे.

३. माझा देह. देहदान करावं. कार्ड पूर्वीकडे आहे. दहावा-तेरावा करू नये. यशोधनला फारच वाटलं तर करावा, पण यमुनेकाठी पिंड ठेवून कावळा शिवायची वाट पाहत बसू नये. आमच्या भागातले कावळे मोमो खातात, भाताकडे ते ढुंकून बघणार नाहीत, आणि मग माझी कुठली इच्छा राहिली यावर नातेवाइकांत चर्चा सुरू होईल. माझी कोणतीही इच्छा राहिलेली नाही. एक होती, ती गेल्या महिन्यात पुरी झाली. ती हकीकत पुढे येते.

४. माझा मुलगा यशोधन, सध्या सिंगापूर, याला माझ्या बँकेतल्या सगळ्या ठेवी आणि त्याच्या बाबांचा रेडिओ. फ्लॅट त्याला देत नाही हे मी त्याला फोनवर स्वतः सांगितलं. सांगायच्या आधी मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. तो म्हणाला, “आई, फ्लॅट तुझा आहे यार, तू ठरव. बाबांचा रेडिओ मात्र मला हवा.” आईला यार म्हणणारा मुलगा दिल्लीतच निपजू शकतो. पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या एका वाक्यासाठी मी त्याला बरंच काही सोडून दिलं आहे.

५. माझी नणंद शालिनी, पुणे, हिला माझी हिरवी पैठणी. ती इथे आली की कपाट उघडते, पैठणी खांद्यावर टाकून आरशात बघते आणि म्हणते, “वहिनी, तुझ्याकडे नुसती पडून असते गं.” घे बाई. पडून नव्हती, कॉलेजच्या प्रत्येक समारंभाला मी ती नेसले आहे.

६. मी नोकरीत असतानाचे विभागप्रमुख. यांचं नाव लिहीत नाही, कारण मृत्युपत्रात नाव आलं की माणूस आशेने बघायला लागतो. भर स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले होते, “मॅडम, घरच्या हौदात विज्ञान होत नसतं, तिथे फार तर डास होतात.” सगळे हसले होते. मीही हसले होते, त्याचा मला अजून राग येतो. त्यांना मी काहीही देत नाही. टाक्या बघायला येण्याचं आमंत्रण मात्र आहे, चार मजले चढवत असतील तर.

७. आता मुख्य मिळकत. फ्लॅटच्या वरची गच्ची खरेदीखतानुसार माझ्या वापराची आहे. तिथे सिमेंटच्या दोन टाक्या आणि एक पिंप आहे. टाक्यांत गप्पी मासे आहेत, पिंपात एक मरळ, म्हणजे लहान मासे खाणारा मोठा मासा. गप्पी म्हणजे नखाएवढा मासा. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो नाल्यांत सोडलेला असतो. या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या उन्हाळ्यात मी आणि माझे यजमान भालचंद्र हिंदूराव इस्पितळाच्या उतारावरच्या नाल्यातून हे मासे पकडून आणले. गाळणं माझ्या हातात, लोणच्याची बरणी त्यांच्या. ते मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बसमध्ये ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून बरणी रुमालाखाली झाकून बसले होते आणि नेमके त्यांचे साहेबच बसमध्ये चढले. “टिपणीसजी, घर का अचार?” हे म्हणाले, “जी,” आणि तेवढ्यात बरणीत मासा उडाला.

टाक्या कशासाठी, ते सांगते. गप्पीच्या नराला रंग असतात, नारिंगी, निळे, ठिपक्यांचे. मादीला रंगीत नर आवडतो. पण रंगीत नर मोठ्या माशालाही आधी दिसतो. म्हणजे जिवंत राहायचं तर मळकट असावं आणि लग्न जमवायचं तर झगमगाट हवा. या ओढाताणीत कोण जिंकतं ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी मी मरळ डावीकडच्या टाकीत सोडायची आणि संध्याकाळी परत पिंपात टाकायची. उजवीकडच्या टाकीत मरळ कधीच नाही. बाकी पाणी तेच, खाणं तेच, ऊन तेच. वर्षं गेली तसे डावीकडचे नर राखाडी होत गेले आणि उजवीकडचे भडक. कोणी त्यांना रंगवलं नाही, कोणी शिकवलं नाही. जे नजरेत आले ते खाल्ले गेले, जे उरले त्यांना पोरं झाली. नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच. सकाळी मी ती फळ्यावर शिकवायची आणि संध्याकाळी गच्चीवर बघायची.

माझी नात स्वानंदी, यशोधन-रसिकाची मुलगी, राहते आईजवळ, ती उजवीकडच्यांना ‘पार्टीवाले’ म्हणते आणि डावीकडच्यांना ‘ऑफिसवाले’. घरात तीच नावं रूढ आहेत. या दस्तऐवजातही तीच वाचावीत.

दिल्लीच्या थंडीत उघड्यावर गप्पी जगत नाही. म्हणून दिवाळी झाली की सगळे खाली आणायचे. लाल टबात पार्टीवाले, निळ्या टबात ऑफिसवाले, दोन्हींना हीटर, मुक्काम न्हाणीघरात. भालचंद्र थंडीभर स्वयंपाकघरात बादली घेऊन अंघोळ करायचे. “आमच्याकडे माशांना गरम पाणी आणि नवऱ्याला गार,” असं येईल त्या पाहुण्याला सांगायचे. पण वीज गेली की किटलीत पाणी तापवून टबांकडे धावायचे तेच. ते जाऊन बरीच वर्षं झाली. हीटर लावताना मला त्यांची आठवण येते, आणि बरं वाटतं.

८. काय घडलं. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या रविवारी मी टब धुऊन गच्चीवरून उतरताना लोखंडी जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. यशोधन सिंगापुरात. इस्पितळात माझ्या उशाशी येऊन बसली ती रसिका. तिच्यावर माझी कसलीही जबाबदारी नव्हती. शुद्धीवर आल्या आल्या मी विचारलं, “मासे?” ती म्हणाली, “मी बघते आई, तुम्ही पडून राहा.”

डिसेंबरात धुकं उतरलं आणि पारा घसरला. रसिका गुरुग्रामहून मेट्रो बदलत आली, गच्चीवर चढली आणि बघते तर डावीकडच्या टाकीत मरळ फिरते आहे. मी पडले तो रविवार होता ना, मरळ पिंपात परत टाकायची राहूनच गेली होती. उरलेसुरले ऑफिसवाले कोपऱ्यातल्या शेवाळात अंग चोरून बसले होते. रसिकाने मरळ पिंपात टाकली. मग बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक मासा गाळण्याने उचलला, डावीकडचे, मग उजवीकडचे. खाली आणल्यावर बघते तर दोनपैकी एकच हीटर चालत होता. तिने सगळ्यांना एका टबात घातलं आणि हीटर लावला.

मी घरी आले तेव्हा वॉकर धरून आधी न्हाणीघराच्या दाराशी गेले. आत एकच टब.

“रसिका, हे काय केलंस?”

“आई, तो मोठा मासा त्यांना खात होता. मला बघवेना. आणि थंडी इतकी होती की…”

“खाणं हेच तर त्याचं काम होतं! मिसळलं सगळं! एवढ्या वर्षांचं सगळं एका टबात ओतून मोकळी झालीस! कोणी सांगितलं होतं तुला? तू या घरची कोण?”

तिने खिचडी ताटात वाढली, ताट माझ्या पलंगाजवळ ठेवलं, चपला घातल्या आणि गेली. मी खिचडी खाल्ली. नंतर लवकरच ते पहिलं मृत्युपत्र केलं.

९. मला वाटलं, आता ही काही यायची नाही. पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात रसिका आणि स्वानंदी.

“आई, मी वाद घालायला नाही आले. फक्त एवढं सांगा, उन्हाळा लागला आणि मासे वर नेले की मरळ कुठल्या टाकीत सोडायची?”

“डावीकडच्या.”

कित्येक महिने आमचं बोलणं एवढंच. मार्चमध्ये तिने ते मिसळलेले मासे निम्मे-निम्मे करून दोन्ही टाक्यांत सोडले. दर रविवारी यायची, वर जायची, मरळ डावीकडे सोडायची, माझं जेवण करायची, संध्याकाळी मरळ काढायची आणि जायची. मी तिला ये म्हटलं नाही आणि येऊ नकोसही म्हटलं नाही. मनात म्हणायची, करते आहे तर करू दे, त्यातून निघणार काय कपाळ! स्वानंदी मला बातम्या आणून द्यायची. “आजी, मम्मी आँखें बंद करके छोडती है. फिर छोटेवालों को सॉरी बोलती है.” पुढे एकदा म्हणाली, “आजी, लेफ्टवाले बोरिंग व्हायला लागले.” मला वाटलं, पोरीला आजीचं मन राखायचंय. मी म्हटलं, “अच्छा,” आणि विषय बदलला.

दुसऱ्या थंडीत माझ्या वॉकरमुळे न्हाणीघरात टबांना जागा उरली नाही. रसिका दोन्ही टब टॅक्सीत घालून गुरुग्रामच्या भाड्याच्या घरी घेऊन गेली, या खेपेला वेगवेगळे, आणि नवा हीटर घेऊन. तिचे करार अकरा-अकरा महिन्यांचे. त्या घरमालकाने करार वाढवून दिला नाही. न्हाणीघरातले टब त्याने पाहिले होते. हे मला रसिकाने सांगितलं नाही, स्वानंदीने सांगितलं. त्या वर्षी त्या दोघी पुन्हा सामान बांधून नव्या घरी गेल्या, सामानात माझे मासे.

१०. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला जिना चढायला परवानगी दिली. रविवार होता. पुढे स्वानंदी, मागे रसिका, अशी मी वर गेले. मनाची तयारी केली होती की दोन्हीकडे एकसारखे, ना धड भडक ना धड मळकट मासे असणार, आणि आपण तोंड वाकडं करायचं नाही. पोर दोन वर्षं राबली आहे.

डावीकडे ऑफिसवाले होते. उजवीकडे पार्टीवाले.

अगदी पहिल्याइतके पक्के नव्हेत. डावीकडे एखाद-दुसरी नारिंगी शेपटी अजून चमकत होती. पण कोणीही एका नजरेत ओळखलं असतं. मी कठड्यावर टेकले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. रसिका घाबरली, “आई, पाय दुखतोय का?” स्वानंदी म्हणाली, “पण आजी, तुला तर माहीत असणार ना, तू तर हेच शिकवायचीस!”

बिल्कुल. हेच शिकवायची. ज्या साहेबाने नैसर्गिक निवड मांडली त्याला आईबापांचे गुण पोरांत उतरतात कसे हे ठाऊक नव्हतं. त्या काळी लोकांची समजूत अशी की चहात दूध पडतं तसे दोघांचे गुण एकमेकांत मिसळतात, आणि एकदा मिसळले की वेगळे निघत नाहीत. तसं असतं तर दर पिढीला सगळे आणखी सारखे होत गेले असते आणि निवडीला निवडायला काही उरलं नसतं. हा आक्षेप कोणीतरी घेतला तेव्हा साहेबाकडे त्याला धड उत्तर नव्हतं. उत्तर होतं एका मठातल्या साधूकडे, जो बागेत वाटाणे लावून मोजत बसला होता. गुण मिसळत नाहीत. दाण्यांसारखे सुटे राहतात. एका पिढीत दिसले नाहीत तरी पुढच्या पिढीत जसेच्या तसे निघू शकतात. त्याचं म्हणणं लोकांच्या ध्यानात यायला फार वर्षं गेली, आणि ते आलं तेव्हा कुठे निवडीच्या सिद्धान्ताला पाय फुटले.

ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगितली. चहाचा दाखला माझाच. पूर्वीला तो अजून पाठ आहे, तिने आत्ता मान हलवली. आणि माझ्याच न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून मी किंचाळले की सगळं मिसळलं! काहीच मिसळलं नव्हतं. नारिंगी दाणे त्या टबात होते, राखाडीही होते. फक्त रविवार चुकवून चालणार नव्हतं, आणि रसिकाने तो चुकवला नाही.

आणखी एक गोष्ट मला वर त्या कठड्यावर बसल्यावर सुचली, जी खाली पलंगावर पडून इतके दिवस सुचली नव्हती. तिने त्या थंडीत सगळ्यांना एका टबात घातलं नसतं, तर माझे पार्टीवाले आणि ऑफिसवाले वेगवेगळे राहिले असते खरे, पण मेलेले.

११. म्हणून, फ्लॅट क्रमांक ४०३, त्यातलं सगळं सामान (कलम ४, ५ आणि १२ मधल्या वस्तू सोडून), वरच्या गच्चीचा वापर, दोन टाक्या, पिंप, मरळ आणि मासे, हे सर्व मी रसिका सबनीस (नातं: ....................) हिला पूर्ण मालकी हक्काने देते. फ्लॅट माझ्या स्वतःच्या पगारातून घेतलेला आहे, वडिलोपार्जित नाही. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

नात्याच्या जागी पूर्वीने ‘पूर्वाश्रमीची सून’ असं घातलं होतं. मी खोडायला लावलं. संन्यास घेतल्यासारखं वाटतं. काय लिहायचं ते सुचलं की सांगते.

पूर्वीचं म्हणणं, टाक्या चालू ठेवण्याची अट घालावी. मी नाही म्हटलं. अट घातली की घर हा पगार होतो आणि रविवार ही नोकरी. रसिकाने हा फ्लॅट विकावा, भाड्याने द्यावा, राहावं, तिची मर्जी. मरळीने माशांमागे धावावं हे तिला आजही बघवत नाही. माझ्या मागे एखाद्या रविवारी तिने मरळ पिंपातच ठेवली, किंवा सगळे मासे एकाच टाकीत सोडून दिले, तर माझी हरकत नाही. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी माझ्या तोंडून निघालं नसतं. आज निघालं, आणि किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! इतकी वर्षं मला वाटत होतं की मी हात काढला की सगळं संपणार. काही संपत नाही.

१२. किरकोळ. स्वानंदीला माझा मायक्रोस्कोप. काचा ओढणीने पुसू नयेत. सोसायटीचे सचिव राजीव भसीन यांच्या कूलरसाठी मूठभर ऑफिसवाले द्यावेत. भसीनसाहेबांनी “छत पर मच्छर पाल रखे हैं” म्हणून माझी तक्रार केली होती. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं टॉर्च घेऊन तपासायला आली. माझ्या टाक्यांत त्यांना एक अळी सापडली नाही. भसीनसाहेबांच्या कूलरमध्ये सापडल्या. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की छताकडे बघत जातात. आता मिटवून टाकू.

(इथून पुढचा मजकूर माझ्या हातचा आहे.)

१३. वरचं सगळं छापून झालं. डॉ. रेगे पहिले साक्षीदार म्हणून आले. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या साधनाताई, पण त्या नोएडाला मुलीकडे गेलेल्या आणि फोन बंद. एवढ्यात रसिका गच्चीवरून ओल्या हातांनी खाली आली. तिला या कागदात काय आहे ते मी सांगितलेलं नव्हतं. फार मानी आहे, सांगितलं असतं तर रविवारी येणं बंद केलं असतं.

“साधनाकाकू नाहीत ना? मग मी करते सही,” ती म्हणाली. “मी आता तुमची कोणी लागत नाही, साक्षीदार म्हणून उलट बरंच. हो ना, पूर्वी?”

ती हसत म्हणाली, पण म्हणाली. पूर्वीने माझ्याकडे पाहिलं. पेन रसिकाच्या हातात होतं.

“ठेव ते पेन!” मी ओरडले.

तिचा चेहरा उतरला. न्हाणीघराच्या दाराशी उतरला होता तसाच. तिने पेन टेबलावर ठेवलं. “सॉरी आई, मी सहज म्हटलं.”

“अगं बाई, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. कोर्टात वाद होतो. तू इथे सही केलीस तर घर जाईल तुझं.”

“कुठलं घर?”

“हे.”

ती खुर्चीत बसली. खुर्चीवर माझी औषधं होती, त्यांच्यावरच बसली.

“मला नको, आई.”

“तुला विचारलेलं नाही.”

“पण यशोधन…”

“त्याला रेडिओ हवा आहे.”

मग ती रडली, आणि मीही रडले, चांगली मोठ्याने. डॉ. रेगे खिडकीतून बाहेर बघत राहिले. स्वानंदीने विचारलं, “मतलब, अब और शिफ्टिंग नहीं?” मी म्हटलं, नाही गं राणी. आणि माझ्या मरणाची तरी वाट कशाला बघायची? यांचा करार महिनाअखेर संपतो. सामान इथेच आणा. आतली खोली रिकामी आहे. न्हाणीघर मात्र थंडीभर माशांचं, अंघोळ स्वयंपाकघरात. या घरची तशी रीतच आहे.

१४. मृत्युपत्र अमलात आणणारी पूर्वी स्वतः साक्षीदार व्हायला तयार नव्हती, म्हणून दुसरे साक्षीदार म्हणून भसीनसाहेबांना खालून बोलावलं. धापा टाकत चार मजले चढून आले. “टिपणीसजी, इसमें मच्छरवाली बात तो नहीं लिखी?” मी म्हटलं, “लिखी है.” तरी सही करतो म्हणाले. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घ्यायचं नसतं, म्हणून कलम १२ मधले मासे मी त्यांना हयातीतच, आत्ताच, बरणीत घालून दिले आहेत. कलम १२ चा तेवढा भाग रद्द.

१५. पूर्वी म्हणते, “मॅडम, देण्यासाठी कायद्याला नातं लागत नाही, पण छापलेली जागा रिकामी सोडता येत नाही.” बरोबर आहे. तू या घरची कोण, असं मी विचारलं होतं तेव्हा ऐकायला रसिका एकटीच होती. उत्तर मात्र मी चार माणसांसमोर लिहिते आहे. कलम ११ मध्ये नात्याच्या रिकाम्या जागी असं वाचावं: या घरची.

(सही) पद्मजा भालचंद्र टिपणीस

वरील सही पद्मजा टिपणीस यांनी आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही त्यांच्या देखत केल्या. त्या शुद्धीत होत्या आणि खुशीत होत्या.

साक्षीदार १: (सही) डॉ. मानस रेगे
साक्षीदार २: (सही) राजीव भसीन, शेजारी, बरणीसह

ठिकाण: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार